साडेचार हजार युरोंना हात लावू न देणाऱ्या हिशेबताईंना

प्रिय हिशेबताई,

इथे नेदरलंड्समध्ये आमच्या धंद्यांचे हिशेब तुम्ही सांभाळता, त्याचे आभार मानायला हे पत्र. ते मराठीत आहे आणि तुम्हांला मराठी येत नाही, याची आम्हांला कल्पना आहे. आमच्यापैकी कोणीतरी ते तुमच्यासमोर बसून वाचून दाखवेलच. तरी ते उघडपणे लिहायचं कारण असं, की पुण्या-नाशकाहून अमेरिकेत गेलेली, तिथलं नागरिकत्व घेतलेली आणि आता नेदरलंड्सला बिऱ्हाड हलवायच्या बेतात असलेली मराठी माणसं बरीच आहेत. आभार मानता मानता तुमचं सांगणं त्यांच्यापर्यंतही पोहोचलं, तर तुमची हरकत नसावी. तेच तेच विचारणारे फोन तरी कमी येतील.

सगळ्यांत मोठे आभार कामाच्या क्रमाबद्दल. अमेरिकेतून येणारा माणूस 'आधी कंपनी काढू, घराचं मग बघू' अशा तोऱ्यात उतरतो. तुम्ही पहिल्याच भेटीत ओळ आखून देता: पत्ता, नगरपालिकेत नोंदणी, बीएसएन (इथला नागरिक-सेवा क्रमांक), स्वतःचं बँक खातं, केव्हीकेत, म्हणजे इथल्या व्यापार नोंदणी कार्यालयात, धंद्याची नोंद, धंद्याचं खातं, त्यात साडेचार हजार युरो, सुरुवातीचा ताळेबंद, आणि या सगळ्याच्या जोरावर आयएनडीकडे, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याकडे, राहण्याच्या परवान्याचा अर्ज. यातलं एक जरी राहिलं तरी पुढचं सगळं अडतं. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत जावं लागतं. मोठ्या शहरांत तेवढ्यात वेळ मिळणं कठीण, म्हणून घराचा करार हातात पडताच अपॉइंटमेंट मागून ठेवायची. आणि भाड्याच्या जाहिरातीत 'या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही' असं दिसलं, की ते घर कितीही स्वस्त असो, पुढे बघायचं. पत्त्यावर नोंद नाही तर बीएसएन नाही, आणि बीएसएनशिवाय इथे पानही हलत नाही.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवं. १९५६ चा डच-अमेरिकन मैत्री करार, ज्याला सगळे डाफ्ट म्हणतात, तो अमेरिकन नागरिकाला इथे येऊन स्वतःचा धंदा करायची वाट देतो. एकमालकी धंद्यात साडेचार हजार युरो गुंतवायचे. पहिला परवाना दोन वर्षांचा, नूतनीकरण पाच वर्षांपर्यंतचं. अमेरिकन पासपोर्ट असेल तर व्हिसाशिवाय येऊन इथूनच अर्ज करता येतो. हे सगळं पासपोर्टावर आहे, ग्रीन कार्डावर नाही. नवऱ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि बायकोकडे भारतीय, अशी घरं आपल्यात ढिगानं आहेत. तिच्यासाठी भारतीय पासपोर्टाच्या नियमानं एमव्हीव्ही हा प्रवेश व्हिसा आधी काढावा लागतो, मग खिशात ग्रीन कार्ड का असेना. 'दोघांची तिकिटं एकदम काढू नका' हा तुमचा सल्ला ऐकायला कडू वाटतो, पण तो सोळा आणे खरा आहे. आणखी एक: हा परवाना धंद्याचा आहे. इथल्या कंपनीत पगारी नोकरी धरायची तर मालकाला वेगळा वर्क परमिट काढावा लागतो. अमेरिकेतल्या जुन्याच कंपनीचं काम इथे बसून करायचं असेल, तर पगारपत्रक चालणार नाही. कंत्राट करायचं आणि बिल द्यायचं.

जन्मदाखल्याचं प्रकरण तुमच्या आधी कोणी आम्हांला नीट समजावलंच नव्हतं. पासपोर्ट अमेरिकेचा असला तरी दाखला जिथे जन्म झाला तिथलाच लागतो, आणि त्यावर त्याच देशाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशांत चालणारा सरकारी शिक्का. न्यू जर्सीच्या नोटरीचा शिक्का इथे काही कामाचा नाही. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आधी राज्य सरकारची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घ्यायचं. दाखल्यावर इंग्रजी असेल तर ठीक, नुसता मराठीत असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. खरी गोम वेगळीच आहे. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, आणि आईवडिलांची नावं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव नंतर घालता येतं, पण जिथे मूळ नोंद आहे त्याच ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत, आणि जुन्या नोंदींना मुदतीचा अडसर असतो. त्यामुळे अपोस्टिलला टाकायच्या आधी दाखला उघडून वाचायचा. दुसरा घोळ नावाच्या जोडणीचा. दाखल्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. अमेरिकन पासपोर्टावर मधलं नाव गळालेलं किंवा लग्नानंतर बदललेलं. इथल्या नोंदवहीत दोन कागद जुळले नाहीत की कारकून थांबतो, आणि त्याचं थांबणं रास्तच आहे. अशा वेळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, नाव बदलल्याचा न्यायालयाचा आदेश आणि अपोस्टिल केलेला विवाहदाखला एकाच फाइलीत न्यायचा.

आता ते साडेचार हजार. पत्राच्या मथळ्यात त्यांना जागा दिली, कारण तुम्ही सगळ्यांत जास्त रागावता ते यावरून. लोक बरोबर ४,५०० युरो खात्यात भरतात, ताळेबंद होतो, अर्ज जातो, आणि महिनाअखेरीला बँक आपलं शुल्क परस्पर कापून घेते. शिल्लक ४,४८८. कोणी काही खर्च केलेला नाही, तरी भांडवल मर्यादेखाली गेलंच. म्हणून तुम्ही सुरुवातीलाच साडेपाच-सहा हजार ठेवायला लावता. वरचे पैसे खेळते ठेवायचे. घरभाडं, किराणा यांसाठी रक्कम आपल्या खात्यावर वळवताना आधी साडेचार हजारांची रेघ बघायची. दोन वर्षांनी नूतनीकरणाला ताळेबंद पुन्हा मागितला जातो, तेव्हा मधल्या काळातल्या या खड्ड्यांचं स्पष्टीकरण देत बसणं फार त्रासाचं.

बीटीडब्ल्यू, म्हणजे इथला व्हॅट, हा आमचा सगळ्यांत कच्चा विषय होता, कारण अमेरिकेत सेवांवर असा कर भरायची सवयच नसते. दोन क्रमांक येतात: एक बिलावर छापायचा बीटीडब्ल्यू-आयडी, दुसरा करखात्याशी व्यवहार करायचा. दुसऱ्यात तुमचा बीएसएन दडलेला असतो, म्हणून तो गिऱ्हाइकाला कधीच द्यायचा नाही. विवरणपत्र दर तिमाहीचं: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. त्या दिवसापर्यंत विवरण आणि पैसे दोन्ही पोहोचलेले हवेत, आणि पैसे भरताना १६ अंकी संदर्भ क्रमांक चुकता कामा नये. कमाई शून्य असली तरी विवरण भरायचंच.

तुम्ही सगळ्यांना करायला देता तो सराव इथे उतरवतो. समजा तिमाहीत अमेरिकेतल्या एका कंपनीला १२,००० डॉलरचं बिल दिलं, इथल्या एका कंपनीला २,००० युरोंचं, अमेरिकेतून १०० युरोंचं सॉफ्टवेअर घेतलं आणि इथल्या दुकानातून कर धरून २४२ युरोंची खुर्ची. अमेरिकन कंपनीला दिलेल्या सेवेवर इथला कर लागत नाही, आणि ती रक्कम या विवरणात कुठल्याच रकान्यात येत नाही. हाच आकडा निर्यातीच्या रकान्यात टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तो रकाना मालासाठी आहे. इथलं बिल १-ए रकान्यात: २,००० आणि त्यावर २१ टक्क्यांनी ४२०. सॉफ्टवेअर ४-ए मध्ये: १०० आणि २१, कारण बाहेरून घेतलेल्या सेवेचा कर आपणच आपल्यावर लावायचा असतो. मग ५-बी मध्ये परत मागायचा कर: सॉफ्टवेअरचे २१ आणि खुर्चीचे ४२, मिळून ६३. देय ४४१ (४२० अधिक २१) वजा ६३, म्हणजे ३७८ युरो. ४-ए विसरलं तरी रक्कम तीच येते, म्हणून लोक तो रकाना सोडून देतात. तुम्ही सोडू देत नाही, आणि तपासणीत पहिली नजर अशाच रिकाम्या रकान्यांवर जाते असं बजावता. गिऱ्हाईक जर्मनीची किंवा बेल्जियमची कंपनी असेल तर बिलावर 'कर वळवला' (म्हणजे तो गिऱ्हाइकानं आपल्या देशात भरायचा) अशी नोंद, ३-बी रकाना आणि अशा युरोपीय गिऱ्हाइकांचं वेगळं आयसीपी विवरण. वर्षाची उलाढाल २०,००० युरोंच्या आत असेल तर छोट्या धंद्यांची केओआर सवलत घेता येते, पण मग खुर्चीचे ४२ही विसरायचे.

आयकरात तुम्ही आमच्या बऱ्याच भाबड्या समजुती मोडल्यात. परदेशातून आलेल्यांना पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत करमुक्त देणारी सवलत नोकरीत आणलेल्या माणसाची. एकमालकी धंद्याला ती नाही. स्वयंरोजगाराची वजावट २०२५ साठी २,४७० युरो, २०२६ साठी १,२०० आणि २०२७ साठी ९००. जुने सल्ले वाचून आलेल्यांनी याच्या दुप्पट-तिप्पट गृहीत धरलेली असते. नव्या धंद्याला वर २,१२३ युरो, पहिल्या पाच वर्षांत तीनदा. पण दोन्हींसाठी वर्षात १,२२५ तास धंद्याला दिल्याचं दाखवावं लागतं, आणि सप्टेंबरात धंदा सुरू केला म्हणून ते तास कमी होत नाहीत. गिऱ्हाइकाला बिल लावलेले तासच नव्हेत, संकेतस्थळ बनवणं, हिशेब लिहिणं, गिऱ्हाइकं शोधणं, सगळं धरायचं; मात्र रोजच्या रोज लिहून. डिसेंबरात आठवून भरलेली तासवही बघताक्षणी ओळखू येते. कागदपत्रं सात वर्षं जपायची. आणि १ जानेवारी २०२५ पासून खोट्या स्वयंरोजगारावर पुन्हा कारवाई सुरू झाली आहे, त्यामुळे इथल्या एकाच कंपनीत रोज नऊ ते पाच बसून 'फ्रीलान्स' म्हणवणं धोक्याचं.

मग अमेरिकेची बाजू. तिथे तुम्ही सरळ सांगता, 'हे माझं काम नाही,' आणि आम्हांला वाटतं, तुमच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत मोठा पुरावा तोच. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहो, फॉर्म १०४०, म्हणजे तिथलं आयकर विवरण, चुकत नाही. परदेशी राहणाऱ्याला १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते, पण देय रकमेवरचं व्याज एप्रिलपासूनच चालू होतं. परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा, आणि तो आयआरएस या करखात्याकडे नाही, फिनसेन या वेगळ्या सरकारी विभागाकडे. यात ती धंद्याची शिल्लक येते, आणि सोलापूरच्या बँकेत आईबरोबर संयुक्त असलेली मुदत ठेवही येते. तुम्ही अमेरिकन विवरण हातात धरत नाही, तरी एक कागद मात्र आठवणीनं काढायला लावता: एसव्हीबी या इथल्या सामाजिक विम्याच्या संस्थेकडून त्या विम्याचं प्रमाणपत्र. दोन देशांतल्या सामाजिक विम्याच्या करारामुळे ते असलं की अमेरिकेचा १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागत नाही. परदेशी उत्पन्नाची सूट घेतली म्हणजे हाही कर टळला, असं समजून चालणारे पस्तावतात. ती सूट आयकराची, या कराची नाही.

बचतीच्या बाबतीत मात्र अमेरिकन माणसाची इथे दोन्हीकडून कोंडी होते. युरोपातले फंड घेतले तर परदेशी फंडांवरच्या अमेरिकेच्या पीएफआयसी या कडक करनियमांचा जाच. अमेरिकन ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारे फंड) घ्यायला जावं तर युरोपच्या माहितीपत्रकाच्या नियमामुळे दलाल ते सामान्य गुंतवणूकदाराला विकत नाहीत. भारतातल्या म्युच्युअल फंडांची एसआयपीही पीएफआयसीच. शिवाय १ जानेवारीला जे काही जगभर असेल ते इथल्या बॉक्स ३ मध्ये, म्हणजे आयकर विवरणाच्या बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवायचं. कोथरूडचा फ्लॅटसुद्धा, आणि मग त्यावर दुहेरी कर टाळायची सवलत मागायची. यावर सोपा तोडगा नाही, हे तुम्ही सोपा तोडगा विकणाऱ्यांच्या आधी सांगितलंत.

हिशेबाबाहेरच्या दोन गोष्टींचेही आभार मानायचे आहेत. परवाना मिळाल्यावर चार महिन्यांत आरोग्यविमा घ्यायचा, आणि उशीर केला तरी हप्ता मागच्या तारखेपासून द्यावाच लागतो. म्हणजे थांबून काहीच वाचत नाही. पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून, पण फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यात धरलेलं नाही, म्हणून तिथे जायला घाबरू नये. दुसरं, अमेरिकन लायसन्स नोंदणीपासून १८५ दिवसच चालतं. ३० टक्के सवलतवाल्याला ते बदलून मिळतं. आपल्याला, वीस वर्षं गाडी हाकली असली तरी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत अमेरिकन चालक हमखास नापास होतात ते उजवीकडून येणाऱ्याला वाट न दिल्यामुळे आणि वळताना खांद्यावरून मागे सायकल न बघितल्यामुळे. हे तुम्ही बीटीडब्ल्यूच्या बैठकीत मध्येच सांगितलंत, त्याचे पैसेही लावले नाहीत.

३१ जुलैच्या विवरणासाठी सगळ्यांच्या पावत्या यंदा १५ तारखेपर्यंत तुमच्याकडे येतील. शेवटच्या रात्री अकराला फोटो काढून पाठवणाऱ्यांना आम्ही परस्पर दम दिला आहे.

आपले कृतज्ञ,
आम्स्टलव्हेन आणि हार्लेमकडची मराठी मंडळी, अमेरिकन पासपोर्टवाली