वस्तू खाली का पडते? घड्याळाला विचार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

‘गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नाही, ढकलणं आहे’ असं सांगणारं तू पाठवलेलं ते स्पष्टीकरण मी शेवटपर्यंत वाचलं. सगळ्या दिशांनी सूक्ष्म कण धावताहेत, प्रत्येक वस्तूवर आदळताहेत. दोन वस्तू शेजारी आल्या की एकीच्या आडोशामुळे दुसरीवर त्या बाजूने कमी कण आदळतात, म्हणून त्या एकमेकींकडे ढकलल्या जातात. कल्पना जुनी आहे. १६९० मध्ये निकोला फातियोने ती मांडली आणि अठराव्या शतकात जिनिव्हाच्या लसाजने तिच्यात आयुष्य घातलं. आडोसा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम त्यातून आपोआप निघतो. माणसं भुलतात ती इथेच.

घोडं पेंड खातं ते यापुढे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे तिच्यावर समोरून जास्त कण आदळणार आणि मागून कमी. हा ब्रेक झाला; पृथ्वी सूर्याकडे सरकत जाऊन वर्षं छोटी होत जाताना दिसायला हवीत. कणांचा वेग अफाट मानला तर ब्रेक नगण्य होतो, पण मग पृथ्वीने शोषलेल्या ऊर्जेचं काय? मॅक्सवेलने आणि नंतर पॉइनकरेने हा मुद्दा धरला: पृथ्वी कधीच वाफ होऊन गेली असती. बरं, कण शोषले जात नाहीत, जसेच्या तसे उसळतात म्हणावं, तर आडोशातली तूट उसळलेले कण भरून काढतात आणि बलच उरत नाही. तिन्हीकडून कोंडी.

चाकोरीबाहेरचं स्पष्टीकरण शोधण्याला माझी हरकत नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉयल यांच्याबरोबर १९६४ मध्ये आइनस्टाइनपेक्षा वेगळा गुरुत्वाचा सिद्धांत मांडला होता, पण समीकरणांसकट, कुठे पडताळायचा हे सांगून. तू पाठवलेल्या मजकुरात एकही आकडा नाही. आणि मुख्य म्हणजे, उंचावरचं घड्याळ जोरात का चालतं याबद्दल एक अक्षर नाही. ज्या स्पष्टीकरणात हे नाही ते गुरुत्वाकर्षणाचं स्पष्टीकरणच नव्हे, असं माझं मत आहे.

त्याहून चमत्कारिक, पण आकड्यांत बरोबर बसणारं स्पष्टीकरण असं: पृथ्वीजवळ काळ सावकाश चालतो, वर थोडा जोरात. वस्तू खाली पडते ती या फरकामुळे.

फरक किती? g (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो, ९.८) गुणिले उंची भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. एक मीटर उंचीला ९.८ भागिले ९ वर १६ शून्यं, म्हणजे दशांश चिन्हानंतर १५ शून्यं आणि मग ११. वर्षभरात हे साडेतीन नॅनोसेकंदांच्या (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आत भरतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, अणुघड्याळ ठेवलं तर समुद्रकाठच्या अणुघड्याळाच्या ते दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद पुढे जाईल. लंबकाचं घड्याळ मात्र नेऊ नकोस. वर g कमी, म्हणून लंबक सावकाश हलतो, आणि ते दिवसाला पंधरा-वीस सेकंद मागे पडेल. परिणाम उलटा आणि अब्जपट मोठा. लंबक g मोजतो. आपल्याला काळ हवा आहे. याच गोंधळातून ‘वर घड्याळ मागे पडतं, मग आइनस्टाइन चुकला’ असे लेख जन्माला येतात.

आता काळाचा फरक आणि पडणं यांचा सांधा. नियम एकच: मोकळी सोडलेली वस्तू दोन ठरलेल्या घटनांच्या मधे अशी वाट धरते की तिच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ मोजला जावा. वर गेलं की वेळ मिळतो, कारण तिथे काळ जोरात. पण वर जायचं तर वेग हवा, आणि वेगाने घड्याळ मंदावतं: वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाच्या वर्गाची दुप्पट, एवढ्या प्रमाणात. एकीकडे कमाई, एकीकडे खर्च.

कागद घे. चेंडू हातातून सुटला आणि बरोबर २ सेकंदांनी त्याच हातात परत आला. मधे तो किती उंच गेला असेल? g च्या सूत्राकडे न बघता काढायचं. कमाल उंची H मान आणि मार्ग परवलयाचा घे. सरासरी उंची येते H च्या दोन तृतीयांश. दोन सेकंदांत H उंची गाठून परत यायचं तर सुटताना वेग 2H हवा, आणि वेगाच्या वर्गाची सरासरी त्या सुरुवातीच्या वेगाच्या वर्गाचा एक तृतीयांश. नेमकी इथे सगळे चुकतात: सरासरी वेगाचा वर्ग घेतात. हवी आहे ती वर्गाची सरासरी.

g गुणिले सरासरी उंची, त्यातून वेगाच्या वर्गाच्या सरासरीची निम्मी वजा, आणि उरेल त्याला दोन सेकंदांनी गुण: ही निव्वळ कमाई. H तीन मीटर घेतलास तर ती, प्रकाशवेगाच्या वर्गाने भागण्यापूर्वी, २७.२ येते. सात मीटरला २६.१. नऊ पूर्णांक आठ मीटरला शून्य, म्हणजे एवढी धावपळ करून चेंडू हातात धरून ठेवल्याइतकाच वेळ. मधे ४.९ मीटरला ३२.०, आणि हे शिखर आहे, ४.८ किंवा ५ घेऊन बघ, किंचित कमीच येईल. ४.९ मीटर ही उंची शाळेतल्या सूत्रातूनही येते. तिथे बल होतं, इथे कुठेही नाही, फक्त दोन घड्याळांची तुलना आहे. चेंडूच्या घड्याळाची एकूण कमाई दशांश चिन्हानंतर १५ शून्यं आणि ३६ सेकंद. इतक्या क्षुल्लक फायद्यावर चेंडूची वाट ठरते, आणि वाट मात्र मीटरमध्ये मोजता येते, कारण हिशेबात प्रकाशवेगाचा वर्ग दोन्ही बाजूंना सारखाच होता आणि उडून गेला.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. चेंडूचं वस्तुमान या हिशेबात आलंच नाही. दगड असो वा पिसू, घड्याळ तेच, वाट तीच. जड-हलक्या वस्तू सारख्याच का पडतात, हे न्यूटनला योगायोग म्हणून मान्य करावं लागलं होतं.

म्हणूनच गुरुत्वाकर्षण समजवायला ताणलेल्या चादरीवर मधोमध लोखंडी गोळा ठेवून भोवती गोट्या फिरवणारा प्रयोग मला अजिबात आवडत नाही. गोटी खळग्यात उतरते ती चादरीखालच्या पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे. जे समजवायचं तेच आधी गृहीत धरलं. शिवाय चादर दाखवते अवकाशाचा बाक, म्हणजे वक्रता, आणि चेंडू पडण्यात त्याचा वाटा जवळजवळ शून्य आहे. तिथे काम करतो तो काळाचा फरक, आणि तो चादरीवर कुठे दिसतच नाही.

हा फरक खरंच मोजला गेला का? १९६० मध्ये हार्वर्डला पाउंड आणि रेब्का यांनी २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात मोजला. एका टोकाला लोह-५७ (लोखंडाच्या अणूचा एक प्रकार) मधून निघणारे गॅमा किरण, दुसऱ्या टोकाला तेच लोह शोषक म्हणून. खाली येणारा किरण थोडा जास्त वारंवारतेचा दिसतो, कारण खालचं घड्याळ सावकाश आहे. अपेक्षित फरक १ वर १५ शून्यं एवढ्या भागांत अडीच भाग. तो पकडायला स्रोत लाउडस्पीकरसारख्या कंपकावर बसवून मागेपुढे हलवला, म्हणजे किती वेगाला शोषण पुन्हा जुळतं ते कळतं. हवेत किरण शोषले जाऊ नयेत म्हणून मधल्या नळीत हेलियम भरलेली पिशवी लांबवर सोडली. घात मात्र तापमानाने होणार होता: वरच्या-खालच्या लोहात एक अंश सेल्सियसचा फरक असला तर अणूंच्या थरथरीमुळेच २.२ भागांचा फरक पडतो, म्हणजे मोजायच्या गोष्टीएवढाच! दोन्ही टोकांचं तापमान सतत नोंदवणं हाच त्या प्रयोगाचा अर्धा जीव. निकाल १० टक्क्यांच्या आत जुळला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर उचलून फरक दाखवला गेला, आणि २०२२ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या घड्याळात एका मिलिमीटरच्या आतला.

रोजच्या वापरातलं उदाहरण जीपीएसचं. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर. उंचीमुळे घड्याळ दिवसाला ४५.७ मायक्रोसेकंद पुढे, सेकंदाला पावणेचार किलोमीटरहून थोड्या जास्त वेगामुळे ७.२ मागे, जमाखर्च ३८.५ पुढे. म्हणून घड्याळ जमिनीवरच मुद्दाम मंद लावून पाठवतात: १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. १९७७ मध्ये एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह गेला, तेव्हा दुरुस्तीचं सर्किट सोबत होतं, पण सुमारे २० दिवस ते बंद ठेवून घड्याळ नुसतं पाहिलं. अपेक्षा एक लाख कोटी भागांत ४४६.५ भागांची, मोजले गेले ४४२.५. नाविक या आपल्या जीपीएससारख्या यंत्रणेचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. तिथे उंचीची कमाई ५१, वेगाचा खर्च साडेचार, निव्वळ साडेसेहेचाळीस मायक्रोसेकंद. उलट ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकात वेगाचाच खर्च भारी पडतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद मागे पडतं. वर्तुळाकार कक्षेत दोन्ही बाजू सुमारे ३,२०० किलोमीटर उंचीवर समसमान होतात. ‘वर गेलं की घड्याळ जोरात’ एवढंच पाठ करणारा इथे हमखास गोत्यात येतो.

‘ही दुरुस्ती नसती तर जीपीएस दिवसाला ११ किलोमीटर चुकलं असतं’ हे वाक्य तुला जागोजाग दिसेल. ३८.५ मायक्रोसेकंदांत प्रकाश तेवढा जातो हे खरं. पण सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली, तर तो सामाईक फरक बराचसा तुझ्या फोनच्या घड्याळाची चूक समजून गणितातून बाहेर काढला जातो. जागेची चूक ११ किलोमीटर होत नाही. मोडते ती काळाची जुळणी.

आता प्रकाश. सूर्याजवळून जाणारा किरण किती वळेल, हे फक्त काळाच्या फरकावरून काढलं तर ०.८७ आर्कसेकंद येतं. एका अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद. आइनस्टाइनने १९११ मध्ये साधारण एवढाच आकडा दिला होता. तो अर्धा होता. अवकाशाच्या बाकाचा वाटा वस्तूच्या वेगाच्या वर्गावर ठरतो: चेंडूसाठी नगण्य, प्रकाशासाठी काळाच्या वाट्याएवढाच. दोन्ही मिळून १.७५. हे त्याला १९१५ मध्ये मिळालं. सूर्याजवळचे तारे खग्रास ग्रहणातच दिसतात, म्हणून मधे ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिश क्रायमियाला गेला होता, युद्ध पेटलं आणि तो रशियनांच्या कैदेत पडला. मोजमाप झालं असतं तर आइनस्टाइनचा आकडा जगापुढे चुकीचा ठरला असता.

२९ मे १९१९ ला ब्राझीलमधल्या सोब्रालहून आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून खग्रास ग्रहणाचे फोटो घेतले. प्रिन्सिपेला ढग, हाती आलं १.६१. सोब्रालच्या चार इंची भिंगाने १.९८. तिथल्याच मोठ्या दुर्बिणीने ०.९३ दिलं, नेमकं जुन्या अर्ध्या आकड्याजवळचं! पण उन्हाने आरसा तापून तिचा फोकस बिघडला होता, तारे पसरट उमटले होते, म्हणून त्या फोटोंच्या काचा बाजूला ठेवल्या. यावर ‘सोयीचे आकडे निवडले’ असा आरोप आजही होतो. १९७९ मध्ये त्याच काचा नव्या यंत्राने मोजल्या तेव्हा १.५५ आलं. आता रेडिओ दुर्बिणींनी हा आकडा दहा हजारांत एक-दोन भागांपर्यंत जुळवला आहे, त्यामुळे त्या वादात फार वेळ घालवू नकोस.

गुरुत्व, प्रकाश आणि काळ तिन्ही एकाच हिशेबात बघायचे असतील तर नारायणगावजवळच्या खोडदला बघ. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पल्सारचे, म्हणजे गरगर फिरत नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके टिपतात. ठोका कधी आला हे थेट वापरता येत नाही. पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार तो सुमारे ५०० सेकंदांपर्यंत लवकर-उशिरा येतो. ती पहिली दुरुस्ती. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि वेगातही असते. दोन्ही कारणांनी आपली सगळी घड्याळं तेव्हा मंद चालतात, जुलैत जोरात. वर्षाच्या ओघात यातून सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.७ मिलिसेकंदांपर्यंत फरक साचतो. ठोका सूर्याच्या कडेजवळून आला तर तिथल्या मंद काळामुळे आणि अवकाशाच्या बाकामुळे आणखी शंभरेक मायक्रोसेकंद उशीर. यातली एक जरी दुरुस्ती राहिली तरी पल्सार वर्षाच्या तालावर डुलताना दिसतो. त्याला ग्रह असल्याचा भास होतो, आणि असा चुकीचा दावा एकदा जाहीर होऊन मागेही घेतला गेला आहे.

तुझ्यासाठी काम: चेंडूचं गणित ३ सेकंदांसाठी कर. सुटतानाचा वेग आता 4H भागिले 3 होईल, बाकी सगळं तसंच. शिखर ११ मीटरला यायला हवं. साडेचौदाच्या पुढे आलं तर वर्गाच्या सरासरीऐवजी सरासरीचा वर्ग घेतलास असं समज आणि पुन्हा कर. मग ते ढकलणारे कण घे आणि त्यांच्याकडून हाच ११ चा आकडा चेंडूचं वस्तुमान न वापरता काढता येतो का, ते बघ. उत्तराचा कागद फोटो काढून पाठव, नुसता निकाल नको.

तुझी,
आई