पाक ढवळू नको

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि अर्धं विसरतेस, म्हणून लिहून पाठवतो. रविवारी रूमवर मैत्रिणींसाठी पाकातली सफरचंदं करणार म्हणालीस ना? मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोट्ट्यांच्या तान्ह्या पोळ्याला, इथं केली. पहिला घाणा पार बिघडला. जे शिकलो ते त्यातूनच.

लग्नाआधी दोन वर्षं मी होळीच्या आधी वर्ध्याला गाठ्यांच्या भट्टीवर कामाला जायचो, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे पाक दिसला की माझा हात आपोआप घोटायला लागतो. गाठी तशीच होते. पाक घोटून दाणा धरू लागला, पांढुरका झाला, की दोरा घातलेल्या लाकडी साच्यात ओतायचा. तीच सवय सफरचंदाला नडली. उकळत्या पाकात डाव फिरवला आणि बघता बघता पातेल्यात नुसती वाळू! तुझी आई दारातून म्हणाली, "आता गाठ्याच पाडा, होळीले सहाच महिने हायेत."

इथं सगळं उलटं आहे बेटा. गाठीला दाणा पाहिजे, याला काचेसारखं कवच पाहिजे. म्हणून अर्धा किलो साखर, पेलाभर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस जाड बुडाच्या गंजात घाल. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं, उकळी फुटली की डाव बाजूला. गंजाच्या काठाला साखरेचे कण चिकटतात. त्यातला एक जरी आत पडला तरी सगळा पाक दाणेदार होतो, म्हणून ओल्या ब्रशनं काठ पुसत राहा. लिंबानं थोडी साखर फुटते आणि मग दाणा लवकर धरत नाही. रंग शेवटी, चिमूटभर.

तू थर्मामीटर घेतलास म्हणालीस, तर १५० अंश सेल्सिअसवर काटा आला की गॅस बंद. नाहीतर आपली वाटी आहेच. गार पाण्यात थेंब टाकायचा. बोटांत मऊ गोळी झाली तर अजून वेळ आहे. चिक्कीच्या पाकासारखा कट्ट वाजून तुटला की झालं. त्यापुढे दोन मिनिटं जास्त ठेवलास तर पाक तांबूस पडून कडवट लागतो.

सफरचंदं लहान घे. पोळ्याच्या सुमारास हिमाचलचा माल येतो, आठवडी बाजारात बारकी फळं स्वस्त पडतात. ती चमकतात ते वरच्या मेणामुळे, आणि मेणावर पाक ठरत नाही. कढत पाण्यात बुडवून काढ, खरखरीत फडक्यानं घास आणि पूर्ण कोरडी कर. फ्रिजमधून काढल्याबरोबर बुडवू नको, त्यांना घाम सुटतो. काड्या मी बांबूच्या कमच्या सोलून केल्या. शेजारचा पोट्टा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या घेऊन आला होता. फवारणीचं झाड ते, त्याला परत पाठवलं.

बुडवताना गंज तिरपं कर, फळ एकदाच फिरव, जास्तीचा पाक निथळू दे आणि तूप लावलेल्या ताटात उभं ठेव. हे सगळं झरझर करावं लागतं, पाक थांबत नाही. आणि जपून! उकळतं पाणी उडालं तर ओघळून जातं, पाक कातडीला धरून बसतो. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू लहानपणी "चांदोबा" म्हणायचीस, तो भट्टीवरचाच. लागलंच तर नळाखाली वीस मिनिटं हात धर. हळद, टूथपेस्ट काही नाही.

दुसरा घाणा जमला. पण पावसाची झड लागली होती. ही काच हवेतलं पाणी ओढते, तासाभरात सगळी सफरचंदं चिकट. पोट्ट्यांना काय त्याचं! लाकडी नंदी ओढत आले, बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतले, सफरचंद घेतलं आणि लाल ओठांनी पुढच्या दारी गेले. आजी मात्र पाहतच राहिली. "हे तं बिमाराले नेतेत, तू पाकात बुडवून रायला?" मग तू सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली, अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या विल्यम कोल्ब मिठाईवाल्याची. १९०८ साली नाताळासाठी दालचिनीचा लाल पाक करून पाहताना त्यानं त्यात सफरचंदं बुडवून नुसती दाखवायला दुकानाच्या काचेत मांडली, आणि लोकांनी तीच विकत मागितली. आजी म्हणाली, "म्हंजे त्याचंबी काम वायाच जात होतं." तिनं दात नसताना अर्धं चोखलं.

उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नको. काडीच्या भोकातून रस पाझरतो, कवच सुटतं आणि फळ आतून खराब होतं.

आणि गंज खरवडत बसू नको. त्यात पाणी घालून उकळ, सगळी साखर सुटते. मी आधी खरवडलं. आईचं ते नवीन गंज आता तिनं बैलांच्या सरकीला दिलं आहे.

तुझे बाबा