डिझेल गळती आणि सकाळचे स्टार्टिंग: चुकीच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
अधिकृत ट्रक सर्व्हिस सेंटर

विषय: चुकीचे निदान आणि गरज नसताना बदललेले पार्ट

महोदय,

इनलाइन इंजेक्शन पंपाच्या (नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप) ट्रकसाठी जॉब कार्डवर दोन तक्रारी लिहून दिल्या होत्या: मेन फिल्टरच्या हेडपाशी डिझेल पाझरते आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही. वर्कशॉपने त्या सुट्या धरल्या. पहिलीसाठी बँजो बोल्ट (डिझेलचा पाइप फिल्टरच्या हेडला जोडणारा बोल्ट) आवळला, दुसरीसाठी दोन्ही बॅटऱ्या आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सगळे नोझल बदलले. गळती आणि स्टार्टिंग दोन्ही होते तसेच आहे. बिल मात्र चोख लावले.

मुळात दोष एकच आहे. इंजिन चालू असताना फीड पंप टाकीतले डिझेल ओढून दाबाने फिल्टरकडे ढकलतो, म्हणून फटीतून डिझेल बाहेर येते. इंजिन बंद झाले की फिल्टरपासून खाली टाकीपर्यंतचे डिझेल परत उतरू पाहते आणि तीच फट बाहेरची हवा आत ओढते. त्यात डिझेल मागे जाऊ न देणारा फीड पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर रात्रभरात लाइन रिकामी. सकाळी सेल्फ मारला की इंजेक्शन पंपात डिझेलऐवजी हवा.

हे ओळखायला मोठी मशीन लागत नाही. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलच पोचत नाही. नोझल खराब असते तर सहसा धूर दिसला असता. हँड प्रायमर (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा पंप) कडक होईपर्यंत मारला की गाडी लगेच स्टार्ट होते. हेही कार्डवर लिहिले होते, कुणी वाचले असे वाटत नाही. बॅटरी बदलण्याआधी सेल्फ मारताना व्होल्टेज मोजायला हवे होते. 24 व्होल्टच्या गाडीत ते साधारण 19 च्या खाली गेले, तरच बॅटरीवर किंवा केबलवर संशय घ्यायचा. जॉब कार्डवर असा एकही आकडा नाही.

बँजोचे तांब्याचे वायसर जुनेच ठेवले आहेत. एकदा दबलेला वायसर कडक होतो, पुन्हा नीट बसत नाही. नवा घालावा, नाहीतर लाल होईपर्यंत तापवून गार केलेला. त्याऐवजी बोल्टवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे! बँजोचे सील वायसरवर होते, आट्यांवर नाही. शिवाय टेपचा तुकडा सुटून पंपात गेला तर तो खर्च वेगळा. आणि बोल्ट पोकळ असतो; जास्त आवळला की भोकापाशी चिरतो, किंवा हेडचे आटे जातात.

माझ्या मागण्या:

बँजोचे सगळे वायसर, फिल्टरची ओ-रिंग आणि टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी होज नवीन घालावा. फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि रिटर्नचा (जादा डिझेल टाकीकडे परत सोडणारा) ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासावा. मग आधी फिल्टरच्या, नंतर पंपाच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाइप लावून इंजिन माझ्यासमोर चालवावे. त्यात बुडबुडा दिसला तर काम झाले असे मी धरणार नाही. त्यानंतर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी प्रायमर न मारता स्टार्ट करून दाखवावी.

काढलेले नोझल आणि बॅटऱ्या परत द्याव्यात. नोझल टेस्टरवर माझ्यासमोर लावावेत. दाब आणि फवारा ठीक निघाला तर नव्या नोझलची आणि मजुरीची रक्कम परत करावी. बॅटऱ्यांनाही तोच न्याय. उत्तर लेखी हवे.

आपला,
वाहनमालक