भट्टीतली हवा मोजायला शिकवणाऱ्या सरांना

पुणे

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आपण सलग तीन आठवडे भोसरीतल्या आमच्या फोर्जिंग कारखान्यात (जिथे पोलाद तापवून ठोकून आकार देतात) आलात. बुधवारची रात्रपाळी भट्टीसमोर उभे राहून पाहायची आणि गुरुवारच्या सुट्टीत, भट्टी बंद असताना, पाइप आणि व्हॉल्व्ह तपासायचे, असा आपला क्रम होता. शेवटच्या दिवशी मानधनाचे पाकीट टेबलावर तसेच ठेवून आपण म्हणालात, "इथे जे सापडले ते इतर भट्टीवाल्यांना सांगा, म्हणजे माझे पैसे पोचले." म्हणूनच हे पत्र आपल्या घरी टपालाने न पाठवता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपले नाव लिहू नये अशी आपली इच्छा होती, ती पाळली आहे.

वाचणाऱ्यांसाठी आमची अडचण आधी सांगतो. आमच्या भट्टीला रीजनरेटिव्ह बर्नरच्या दोन जोड्या आहेत. जोडीतला एक बर्नर पेटलेला असतो तेव्हा दुसरा भट्टीतला तापलेला धूर आपल्या पोटातल्या सिरॅमिकच्या गोळ्यांमधून ओढून घेतो. गोळे तापतात, मिनिटभराने चेंजओव्हर होतो, म्हणजे दोन्ही बर्नर आपली कामे अदलाबदल करतात, आणि मग ज्वलनाची हवा त्याच तापलेल्या गोळ्यांतून भट्टीत शिरताना हजार अंशांच्या आसपास पोचते. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता अशी हवेच्या रूपाने परत भट्टीत येते. चहा घेताना आपण सांगितलेत की ही युक्ती फ्रेडरिक सीमेन्स यांनी 1856 साली पेटंट केली, तेव्हा गोळ्यांच्या जागी विटांची जाळी होती, आणि मायकेल फॅरडे यांनी 1862 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधले आपले शेवटचे शुक्रवारचे व्याख्यान याच भट्टीवर दिले. आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या यंत्राला एवढी परंपरा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि त्या दिवसापासून मी भट्टीकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

चार महिने आमचा गॅसचा खप वाढत होता, बिलेट (तापवायचा पोलादाचा ठोकळा) गाभ्यापर्यंत तापायला जास्त वेळ लागत होता, दाराच्या फटीतून पिवळी ज्योत बाहेर येत होती आणि रात्रपाळीतल्या माणसांचे डोळे चुरचुरत होते. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीतला ऑक्सिजनचा आकडा मात्र पाच ते सहा टक्के दाखवत होता. मिथेनच्या (नैसर्गिक गॅसच्या मुख्य घटकाच्या) एका घनमीटरला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते आणि त्यावर दहा टक्के जादा हवा दिली की धुरात साधारण दोन टक्के ऑक्सिजन उरतो, हे मला माहीत होते. त्यामुळे पाच टक्के म्हणजे हवा फारच जास्त, असा हिशेब करून मी हवा कमी करत गेलो. रात्रपाळीचे ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते दर रात्री डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) थोडा उघडायचे आणि मी दर सकाळी तो पुन्हा बंद करायचो. सेटिंगला हात लावल्याबद्दल मी त्यांना दोनदा लेखी मेमोही दिला. मामांचे म्हणणे एवढेच होते की साहेब, ज्योत भुकेली आहे. माझ्याजवळ आकडा होता आणि त्यांच्याजवळ तीस वर्षांची नजर होती, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या रात्री आपण कंट्रोल पॅनेलकडे वळून पाहण्याआधी मामांशेजारी स्टूल घेऊन बसलात आणि अर्धा तास त्यांचे ऐकून घेतलेत. नंतर आपल्या पेटीतले गॅस तपासायचे यंत्र काढून त्याच एक्झॉस्ट नळीत नमुना घेतलात. आमचे यंत्र फक्त ऑक्सिजन मोजत होते, आपल्या यंत्राने कार्बन मोनॉक्साइडही, म्हणजे अर्धवट जळलेल्या गॅसची खूण, मोजला, आणि तो भरपूर निघाला. आपण तेव्हा म्हणालात ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे: "एकाच नळीत इतका ऑक्सिजन आणि इतका मोनॉक्साइड असेल, तर त्यांची भेट भट्टीत झालेलीच नाही; ही हवा भट्टीला वळसा घालून आली आहे."

गुरुवारी गॅस बंद, एक्झॉस्टचा पंखा बंद, दोन्ही बर्नरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद आणि फक्त ब्लोअर चालू, अशा स्थितीत आपण नळीचे तपासणीचे तोंड उघडून त्यापुढे वर्तमानपत्राची एक पट्टी धरलीत. जिथे वाराही लागायला नको तिथे ती पट्टी फडफडत होती. बिलेटवरून उडालेली स्केलची (तापलेल्या पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची) भुकटी व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तबकडी बंद होताना जिथे टेकते त्या कड्यावर, बसली होती, सीट झिजली होती आणि तबकडी पूर्ण टेकत नव्हती. बर्नरकडे जायला निघालेल्या हवेतला एक हिस्सा त्या फटीतून थेट धुराच्या नळीत जात होता. हवेचे मोजमाप त्या फटीच्या आधीच होत असल्याने गळालेली हवाही बर्नरच्या खात्यावर पडत होती, आणि ऑक्सिजनचे यंत्र त्या फटीच्या पुढे असल्याने तीच हवा तिथे पुन्हा जादा म्हणून दिसत होती. त्याच थंड हवेमुळे धुराचे तापमानही कमी दिसत होते आणि गोळे उष्णता छान शोषून घेत आहेत असे समजून आम्ही समाधानी होतो. तिन्ही आकड्यांची दिशाभूल एकाच फटीने केली होती. मी हवा जितकी कमी करत गेलो, तितका गॅस अर्धवट जळत गेला.

दुसऱ्या आठवड्यात आपण जे समजावलेत ते व्हॉल्व्हच्या दुरुस्तीहूनही मोठे आहे, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. रीजनरेटिव्ह भट्टीत हवा आणि गॅस यांचे प्रमाण राखणे साध्या भट्टीपेक्षा अवघड का, याचे उत्तर हवेच्या फुगण्यात आहे. तीस अंशांची हवा हजार अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान चौपटीहून अधिक होते, आणि तितक्याच वजनाची हवा त्याच तोंडातून बाहेर ढकलायची तर तिथे दाबही चौपटीहून अधिक लागतो. चेंजओव्हर झाल्यावर गोळे सर्वांत तापलेले असतात. हवा जास्त फुगते, तिला अडथळा जास्त होतो आणि ब्लोअर तोच असूनही ती वजनाने कमी जाते. मिनिट संपत येताना गोळे निवलेले असतात, अडथळा घटतो आणि हवा वाढते. गॅस मात्र पूर्ण वेळ एकसारखा येत असतो. म्हणजे डँपर एका जागी बांधून ठेवला, तर प्रत्येक फेरीच्या आरंभी मिश्रणात गॅस जास्त आणि शेवटी हवा जास्त, हे ठरलेलेच. यावर उपाय एकच, असे आपण सांगितलेत: हवा गोळ्यांच्या अलीकडे, थंड बाजूला, तापमानाची दुरुस्ती करून वजनाने मोजायची आणि त्या वजनाशी गॅस बांधायचा. डँपर किती उघडा आहे यावरून हवेचा अंदाज बांधायचा नाही.

त्याच बैठकीत आपण कंट्रोलरचा क्रमही बदलून घेतलात. ज्वाला वाढवायची असेल तर आधी हवा वाढेल आणि तिच्या मागून गॅस; कमी करायची असेल तर आधी गॅस उतरेल आणि मग हवा. चेंजओव्हरच्या वेळीही आधी गॅस बंद, काही सेकंद नुसती हवा, आणि त्यानंतर व्हॉल्व्हची अदलाबदल. असे केल्याने बदलाच्या क्षणीसुद्धा भट्टीत न जळलेला गॅस साचत नाही. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की तो स्फोटक ठरतो, त्यामुळे या काही सेकंदांची किंमत गॅसच्या बिलात मोजता येत नाही, हे आपण सर्व ऑपरेटरना समोर बसवून सांगितलेत.

दाराची फट, भट्टीतला दाब आणि नमुन्याची नळी ही कामे तिसऱ्या आठवड्यात झाली. भट्टीच्या तळाशी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला, दाराला सिरॅमिक फायबरचा दोर लावला आणि नमुना आता थेट भट्टीच्या पोटातून घेतला जातो. आज तिथला ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या जवळपास असतो आणि मोनॉक्साइड नावापुरता. जादा हवा ठेवून निर्धास्त राहू नका, हेही आपण बजावले होते, कारण इतक्या तापलेल्या हवेत उरलेला ऑक्सिजन नायट्रोजनची ऑक्साइडे वाढवतो आणि पोलादावर स्केलही चढवतो. ते आम्ही पाळत आहोत. दर गुरुवारी व्हॉल्व्हच्या सीट उघडून पुसल्या जातात आणि कागदाच्या पट्टीची तपासणी आमच्या देखभालीच्या वहीत कायमची नोंदली गेली आहे.

सर, टन मालामागे लागणारा गॅस कमी झाला, याबद्दल मालक आपले आभार मानतात आणि तो निरोप मी इथे पोचवतो. माझे आभार निराळ्या गोष्टीसाठी आहेत. व्हॉल्व्हची सीट बाहेर काढली तेव्हा आपण ती माझ्या हातात न देता मामांच्या हातात दिलीत आणि सगळ्या पाळीसमोर म्हणालात, "यांचे निदान बरोबर होते." त्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही मेमो त्यांच्या फाइलमधून काढून घेतले, तसे व्यवस्थापनाला लेखी कळवले आणि मामांची माफी मागितली. आपण आला नसता तर एका जाणत्या माणसावर मी केलेला अन्याय माझ्या ध्यानातही आला नसता.

मामा येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. नवीन मुलांना ज्योत कशी पाहायची हे ते सध्या रोज पाळी सुरू होण्याआधी शिकवतात, आणि ती झिजलेली सीट त्यांनी शिकवण्यासाठी आपल्या कपाटात जपून ठेवली आहे. त्यांच्या शेवटच्या बुधवारच्या रात्रपाळीला आपण यावे, अशी त्यांची आणि आम्हा सर्वांची विनंती आहे. आपल्याला घ्यायला गाडी पाठवू, आणि ते स्टूल त्यांच्या शेजारी मांडलेले असेल.

आपला नम्र,
भट्टी विभागाचा प्रमुख,
भोसरी