अमेरिकन कविता: चळवळींच्या यादीआधी ओळ पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत विसाव्या शतकातील अमेरिकन कवितेवर लेखमाला सुरू झाली, याचा मनापासून आनंद वाटतो. मराठीत या विषयावर सलग असे फार थोडे लिहिले जाते. म्हणूनच तिच्या मांडणीबद्दल स्पष्टपणे लिहीत आहे. आतापर्यंतच्या लेखांत प्रत्येक चळवळीला एकेक विषय वाटून दिलेला दिसतो. एलियटच्या वाट्याला वैफल्य, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय कवींच्या वाट्याला अस्मिता, बीट कवींच्या वाट्याला बंडखोरी आणि लॉवेल, प्लाथ यांच्या वाट्याला कबुलीजबाब. या कवींमध्ये विषयांवरून मतभेद होतेच, पण त्यांची खरी झटापट चालली ती ओळीवरून. ओळ कुठे तोडायची, किती लांबवायची, ती कोणत्या हिशेबाने मोजायची? हा धागा सुटला की विद्यार्थ्यांची चळवळींची नावे पाठ होतात आणि कविता हाती लागत नाही.

इमेजिझम (नेमक्या प्रतिमेवर भर देणारी काव्यचळवळ) अमेरिकेत जन्मला, असे पहिल्या लेखात म्हटले आहे. तो आकाराला आला लंडनमध्ये. अमेरिकेतले होते ते व्यासपीठ, म्हणजे हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली शिकागोत सुरू केलेले ‘पोएट्री’ हे मासिक. त्याच्या मार्च १९१३च्या अंकात इमेजिस्टांचे तीन नियम छापून आले: वस्तूला थेट भिडायचे, कामाचा नसलेला एकही शब्द ठेवायचा नाही आणि लय मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर न बांधता गाण्यातल्या फ्रेजसारखी, म्हणजे सुरांच्या सलग तुकड्यासारखी, खेळवायची. तिसऱ्या नियमाकडे आपल्याकडे नेहमी दुर्लक्ष होते, आणि पुढच्या पन्नास वर्षांचा वाद त्याच नियमात दडलेला आहे. एझरा पाउंड यांची पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवरची प्रसिद्ध कविता पुढच्याच महिन्यात त्याच मासिकात आली. तिचा पहिला खर्डा तीस ओळींचा होता आणि तो टाकून दिला. सहा महिन्यांनी त्याच्या निम्मी कविता झाली आणि वर्षभराने ती दोन ओळींवर आली, असे पाउंड यांनीच १९१४ साली लिहून ठेवले आहे. दोन ओळींत मिळून चौदा शब्द, त्यांत एकही क्रियापद नाही. ‘पोएट्री’च्या अंकात मात्र प्रत्येक ओळ रुंद मोकळ्या जागा सोडून तीन तुकड्यांत छापली होती, विरामचिन्हेसुद्धा शब्दांपासून दूर ठेवली होती. पुढे पुस्तकांत या जागा मिटल्या. आज आपण वाचतो ते हे मिटलेले रूप.

विल्यम कार्लोस विल्यम्स यांच्या लाल हातगाडीच्या कवितेवर लेखात दोन वाक्ये आहेत आणि ‘साध्या वस्तूंचे सौंदर्य’ एवढाच निष्कर्ष. ही कविता १९२३ साली ‘स्प्रिंग अँड ऑल’ या पुस्तकात आली. तिथे तिला शीर्षक नव्हते, फक्त बाविसावा क्रमांक होता. सोळा शब्द, चार कडवी. प्रत्येक कडव्यात पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत एक. आता अवयव, म्हणजे सिलेबल, मोजा: ४-२, ३-२, ३-२, ४-२. पहिले आणि शेवटचे कडवे जुळते, मधली दोन जुळतात. त्या मधल्या दोन कडव्यांतच विल्यम्स यांनी जोडशब्द मध्येच तोडले आहेत. ‘व्हील’ एका ओळीत, ‘बॅरो’ पुढच्या; ‘रेन’ एका ओळीत, ‘वॉटर’ पुढच्या. वाचणाऱ्याला आधी चाक दिसते, मग गाडी. आधी पाऊस, मग पाणी. सगळी कविता एका वाक्याची आहे, त्यामुळे ती सलग लिहिली की पाच सेकंदांत वाचून संपते आणि मागे काहीच उरत नाही. आपल्या पुरवणीत ती नेमकी तशीच, ओळींच्या जागी स्वल्पविराम टाकून, परिच्छेदात घातली आहे. तिच्यात वाचण्यासारखे जे होते ते त्या छपाईतच गेले.

मेरियन मूर यांचा लेखमालेत उल्लेखच नाही, आणि खरे तर मराठी वाचकाला सगळ्यांत लवकर उमगेल अशी रचना त्यांची आहे. त्यांच्या अनेक कवितांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, मोजलेले नाहीत, अवयव मोजलेले आहेत. माशांवरच्या त्यांच्या कवितेत प्रत्येक कडव्याच्या पाच ओळींत अनुक्रमे एक, तीन, नऊ, सहा आणि आठ अवयव येतात, आणि हा आराखडा कडव्यामागून कडवे पाळला जातो. सहा-सहा-सहा-चार या अभंगाच्या अक्षरगणनेत वाढलेल्या कानाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. फरक एवढाच की अभंगात चरण संपतो तिथे बोलणेही थांबते. मूर यांचे वाक्य ओळीला न जुमानता पुढे वाहते, कधी कधी शब्दाच्या मधूनच. मोठ्याने वाचताना ओळीच्या शेवटी पूर्ण थांबलात तर अर्थ तुटेल, अजिबात थांबला नाहीत तर आराखडा ऐकू येणार नाही. थांबा किंचितच हवा.

एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेवरचा लेख मोठा आहे, त्यामुळे एकच भर घालते. ‘डेथ बाय वॉटर’ हा चौथा भाग मसुद्यात सुमारे नव्वद ओळींचा होता. पाउंड यांच्या कात्रीनंतर १९२२ साली छापला गेला तेव्हा दहा ओळींचा उरला. या काटछाटीसह सगळे कागद १९७१ साली प्रतिमुद्रणाच्या रूपात प्रसिद्ध झाले आहेत. ज्यांना संपादन म्हणजे काय ते शिकायचे आहे, त्यांनी ते पुस्तक पाहावेच.

हार्लेमच्या कवींना एका वेगळ्या चौकटीत ‘कृष्णवर्णीय साहित्य’ म्हणून बसवले आहे, ते मला सर्वांत खटकले. लँग्स्टन ह्यूझ यांचा ‘द वेरी ब्लूज’ हा संग्रह १९२६ सालचा, म्हणजे विल्यम्स यांच्या त्या पुस्तकानंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेला. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा साचा पक्का असतो. एक लांब ओळ, तीच ओळ पुन्हा, कधी थोडी बदलून, आणि तिसरी ओळ पहिल्या दोघींशी यमक जुळवणारी. ह्यूझ यांनी १९२७च्या संग्रहात हा साचा टीप देऊन समजावला, आणि कागदावर मांडताना अनेकदा प्रत्येक लांब ओळीचे दोन तुकडे करून सहा ओळींचे कडवे केले. गायक जिथे श्वास घेतो, तिथे कवीने ओळ मोडली. ज्या काळात पाउंड फ्रेजची भाषा बोलत होते, त्याच काळात ही खरोखरच्या गाण्यातून आलेली ओळ तयार होत होती. हिला मुख्य प्रवाहाच्या बाहेर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

श्वासाचा मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला चार्ल्स ओल्सन यांनी, १९५० सालच्या ‘प्रोजेक्टिव्ह व्हर्स’ या निबंधात. टाइपरायटरवर प्रत्येक जागा सारखी पडते, त्यामुळे कवीला संगीतकारासारखे विराम लिहून ठेवता येतात, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या गटाचे ब्लॅक माउंटन हे नाव नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्या छोट्या कॉलेजावरून आले, ते १९५७ साली बंदही पडले.

बीट कवी ॲलन गिन्सबर्ग यांच्या ‘हाउल’वर बंदी आली, हे लेखातले विधान दुरुस्त करायला हवे. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत गिन्सबर्ग यांनी ही कविता वाचली, १९५६ साली सिटी लाइट्सने ती पुस्तकरूपात काढली. पुस्तक इंग्लंडमध्ये छापले जात होते. मार्च १९५७मध्ये कस्टम्सने ५२० प्रती अडवल्या, पुढे प्रकाशक लॉरेन्स फर्लिंगेटी यांच्यावर खटला चालला, आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी पुस्तक अश्लील नसल्याचा निकाल दिला. पण खटल्यापेक्षा महत्त्वाची आहे तिची ओळ. एक ओळ, एक श्वास, हा गिन्सबर्ग यांचा हिशेब होता. पहिल्या भागात बहुतेक ओळी एकाच संबंधी सर्वनामाने सुरू होतात; दर खेपेला त्या शब्दावर परत येऊन नवा श्वास घ्यायचा. या पुस्तकाची प्रस्तावना कोणी लिहिली? विल्यम्स यांनी. तेच विल्यम्स, पाउंड यांचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या दिवसांपासूनचे मित्र. तरुण गिन्सबर्ग यांची पत्रे त्यांनी आपल्या ‘पॅटरसन’ या दीर्घकवितेतही घेतली होती. १९१३ आणि १९५६ यांना जोडणारा माणूस एकच असताना, एक चळवळ मेली आणि दुसरी जन्मली असे कसे म्हणायचे?

रॉबर्ट लॉवेल यांचेही तेच. ‘कन्फेशनल’, म्हणजे कबुलीजबाबाची कविता, ही चिठ्ठी समीक्षक एम. एल. रोझेन्थल यांनी १९५९ साली त्यांच्या ‘लाइफ स्टडीज’ या पुस्तकाच्या परीक्षणात लावली आणि ती कायमची चिकटली. १९४६ सालच्या ‘लॉर्ड वीअरीज कॅसल’मधल्या घट्ट वृत्तबद्ध ओळी शेजारी ठेवून पाहा. घरातले दुखणे कवितेत आले हे खरे, पण ते येऊ शकले कारण ओळ सैल झाली होती.

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना १९५०चे पुलित्झर मिळाले, एवढेच लेखात आहे. त्यांची ‘वी रिअल कूल’ ही १९५९ साली प्रथम छापलेली कविता अवघ्या आठ ओळींची, चोवीस शब्दांची. प्रत्येक शब्द एकाच अवयवाचा, प्रत्येक वाक्य तीन शब्दांचे. शाळा सोडून बिलियर्ड खेळणारी सात मुले बोलत आहेत. पहिला ‘वी’ ओळीच्या सुरुवातीला येतो. त्यानंतरचा प्रत्येक ‘वी’ ब्रुक्स यांनी वाक्यातून उचलून आदल्या ओळीच्या टोकाला ठेवला आहे आणि तो हलक्या आवाजात म्हणावा असे सांगितले आहे. सात ओळी अशा ‘वी’वर लोंबकळतात. आठव्या ओळीत दोनच शब्द उरतात, मरणाचे, आणि टोकाला ‘वी’ नाही. मुलांचा ‘आम्ही’ तिथे संपला. तीच कविता दर ओळीच्या सुरुवातीला ‘वी’ ठेवून लिहून पाहा. एक साधे बडबडगीत होते.

चळवळींची ही यादी मुळात आली कुठून, तेही वाचकांना सांगायला हवे. डोनल्ड ॲलन यांनी १९६० साली ग्रोव्ह प्रेससाठी ‘द न्यू अमेरिकन पोएट्री’ हे संकलन केले: चव्वेचाळीस कवी, पाच गट. ब्लॅक माउंटन, सॅन फ्रान्सिस्को, बीट, न्यूयॉर्क आणि उरलेले. ही मांडणी सोयीची होती म्हणून पाठ्यपुस्तकांनी उचलली. त्या चव्वेचाळीसांत स्त्रिया चार आणि कृष्णवर्णीय कवी एकटे लेरॉय जोन्स. त्याआधी तीनच वर्षे निघालेल्या हॉल, पॅक आणि सिम्पसन यांच्या संकलनातला एकही कवी यात नाही. तयार गट घेऊन इतिहास लिहिला की त्यांतल्या गैरहजेऱ्याही आपण घेतो.

मराठी लघुनियतकालिके बीट कवींच्या प्रभावातून निघाली, असे शेवटच्या लेखात सूचित केले आहे. गिन्सबर्ग मुंबईत आले १९६२ साली. सायक्लोस्टाइल केलेले ‘शब्द’ त्याच्या कितीतरी आधी, ‘हाउल’ पुस्तकरूपाने येण्यापूर्वीच, निघालेले होते. ओळख झाली, देवाणघेवाण झाली; उगम मात्र इथला आहे.

आता एक विनंती. पुढच्या भागांत कविता छापताना त्या डावीकडून सरळ लावा, जस्टिफाय करू नका, कारण त्याने शब्दांमधल्या जागा ताणल्या जातात आणि ओल्सन यांच्यासारख्यांच्या बाबतीत तर अर्थच बदलतो. लांब ओळ कॉलममध्ये मावत नसेल तर उरलेला भाग पुढच्या ओळीवर दोन-तीन अक्षरे आत सरकवून घ्या, म्हणजे ती नवी ओळ नाही हे कळेल; गिन्सबर्ग यांच्यासाठी दोन कॉलमांची रुंदी लागेल. कडवे दोन कॉलमांत फोडू नका. अनुवाद देत असाल तर मूळ कविता देवनागरी लिप्यंतरात शेजारी द्या, मोजता यायला हवी. विल्यम्स १९६३ साली गेले, त्यामुळे आपल्याकडच्या कायद्याची साठ वर्षे उलटली आहेत आणि हातगाडीची कविता पूर्ण छापायला अडचण नाही. ब्रुक्स यांच्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागेल. तिला वेळ लागतो, तेव्हा पत्र आताच पाठवावे. हातगाडीची कविता येत्या रविवारी, तिच्या आठ ओळींत आणि चार कडव्यांत, पुन्हा छापावी.

आपली,
इंग्रजी साहित्याची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे