उतार अंशांत की टक्क्यांत?

संपादक महोदय,

कालच्या अंकात 'घरांसाठी योग्य जमिनी' म्हणून पुणे परिसराचा रंगीत नकाशा छापला आहे. या जागा 'उपग्रहाने शोधल्या' असे बातमीत दोनदा आले आहे. उपग्रह जागा शोधत नाही हो! तो टिपतो. शोधतो संगणकापुढे बसलेला माणूस, आणि चुकतोही तोच.

टेकड्यांच्या कुशी नकाशात हिरव्यागार, म्हणजे 'योग्य', दिसल्या, तिथेच संशय आला. १:५ पेक्षा तीव्र उतारावर आपल्याकडे बांधकामाला मनाई आहे. १:५ म्हणजे २० टक्के, अंशांत सांगायचे तर ११.३. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक प्रणालीतले उताराचे नेहमीचे साधन मात्र उत्तर अंशांत देते. हे लक्षात न घेता मर्यादा म्हणून '२०' टाकले की २० अंशांपर्यंतची जमीन पास! २० अंश म्हणजे ३६ टक्के. १० मीटर पुढे गेलात की साडेतीन मीटर वर चढलात. उंचीची फाइल मीटरमध्ये न आणता अक्षांश-रेखांशातच ठेवली, तर उतार सगळीकडे नव्वदीला टेकतो आणि चूक शेंबड्या पोरालाही दिसते. अंश-टक्क्यांच्या घोळात मात्र नकाशा देखणाच येतो, म्हणून तो छापलाही जातो.

आता ही उंची कुठली? फुकट मिळणारी एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने मोजलेली) असेल, तर ती फेब्रुवारी २००० मधली, ३० मीटरच्या एकेका चौकटीला एकच उंची देणारी. त्यानंतर फोडलेल्या टेकड्या आणि खाणी तिच्यात नाहीत. शिवाय एका चौकटीचा उतार काढताना दोन्ही बाजूंच्या शेजारी चौकटी धरतात, म्हणजे ६० मीटरचे अंतर. मधली ६ मीटरची उभी दरड त्या ६० मीटरवर पसरते आणि कागदावर १० टक्क्यांचा सौम्य उतार होते. एवढ्यावर फार तर कुठे पाहायला जायचे ते ठरवावे. जागा पक्की करायला टोटल स्टेशन (जमीन मोजणीचे यंत्र) किंवा ड्रोनने काढलेल्या एक मीटर अंतराच्या समोच्च रेषा लागतात.

दुसरी गफलत वेटेजची, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे त्याची. समजा रस्त्याला ३०, पाण्याला २५, उताराला २५ आणि पुराला २० टक्के दिले. नदीपात्राला खेटून असलेल्या सपाट जागेला पहिल्या तिन्हींत पाचपैकी पाच, पुरात एक. बेरीज ४.२, म्हणजे 'अतिशय योग्य'! रस्ता चांगला म्हणून पाणी घरात शिरायचे थांबते का? निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी बांधकामबंदीची हद्द) आतले, १:५ पेक्षा तीव्र आणि सार्वजनिक कामांच्या आरक्षणातले क्षेत्र आधी कापून टाकायचे; वेटेज उरलेल्या जमिनीला. ओढ्यांचे तर विचारूच नका. तीन-चार मीटरचा ओढा ३० मीटरच्या चौकटीत गडप होतो. तो गाव नकाशावरून हाताने रेखावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

जुना गाव नकाशा संगणकातल्या नकाशावर बसवतानाही चार कोपऱ्यांवर चार खुणा धरून भागत नाही. जुना कागद सगळीकडे सारखा आकसत नाही, त्यामुळे मधले गट (जमिनीचे तुकडे) सरकतात. दहा-पंधरा मीटर सरकले तरी शेजाऱ्याचा सातबारा आपल्या घरकुलात येतो. गावच्या शिवेचे दगड, विहिरी, देवळे अशा दहा-बारा खुणा तरी जागेवर जाऊन जीपीएसने घ्याव्यात.

जाता जाता: नकाशाला ना प्रमाण, ना तारीख, ना रंगांची सूची. एकाच जमिनीचे क्षेत्र मथळ्यात एकरांत, मजकुरात हेक्टरांत, आकडा मात्र तोच! एका हेक्टरात जवळपास अडीच एकर बसतात. आणि खाली 'सौजन्य : उपग्रह' लिहिले आहे, ते कोणाला सुचले?

– एक वाचक, पुणे