बाबा, उपयोगाचा हिशेब राहू द्या

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात प्रेमाचा सलाम.

परवा फोनवर बाबा सहज म्हणून गेले, "आता आमचा कुणाला काय उपयोग? चर्चला, मंडळीत जाणं होत नाही आणि घरात काडीचा हातभार नाही." आई, तू लगेच विषय बदललास आणि मीही बदलू दिला. फोनवर बाबांशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच "बरं बरं" म्हणून गप्प करता येत नाही.

बाबा, आम्ही लहान असताना तुम्ही रोज रात्री शास्त्रपाठ घ्यायचात. त्यातला बराचसा आम्ही पेंगत ऐकला. दिवसभरात काहीही घडो, काच फुटो नाहीतर दिवे जावोत, तुम्ही त्यातून बोध काढणारच आणि दादा मला कोपरानं ढोसणारच. मला अजूनही वाटतं की संसारातली प्रत्येक गोष्ट पिळून तिच्यातून बोध काढू नये. मुलं बोधाचा वास आला की पळतात. मनात राहिलं ते निराळंच, जे तुम्ही शिकवायचं म्हणून केलंच नव्हतं. एकदा दादावर विनाकारण आवाज चढवलात आणि मग त्याच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणालात, "माझं चुकलं. क्षमा कर." तो तेव्हा शाळेत जाणारं पोर होता. 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका' हे इफिसकरांस पत्रातलं वचन मी पुढे कितीदा तरी ऐकलं, पण बापानं मुलाची क्षमा मागायची असते हे मात्र मी त्या दारातच शिकले.

आणि आई, तू. ज्या नातेवाइकानं आपल्याला एवढं दुखावलं, त्याचं नाव तू रात्रीच्या प्रार्थनेत घ्यायचीस. सुरुवातीला त्यात प्रार्थना कमी आणि तक्रारच जास्त असायची, आठवतंय ना? देवापुढे सगळी फिर्याद मांडून झाली की शेवटी घाईघाईनं "तरी त्याचं भलं कर" म्हणायचीस. पुढे पुढे फिर्याद आखडत गेली. कधी संपली ते मला कळलंही नाही. क्षमा एका झटक्यात होते असं मला कुणी सांगितलं की मला तुझी ती वर्षं आठवतात आणि मी मान डोलावत नाही.

पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितल्या आहेत, आणि कधी बोलायचं तेही सांगितलंय: घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. चारही वेळा अगदी साध्यासुध्या. त्या यादीत ना सण आहे ना सभा. घरात आपण तयारी न करता वावरतो. मंडळीत जाताना माणूस चेहरा नीट करून जातो. निजताना नि उठताना कोण करतो? म्हणून तर घरात शिकलेलं टिकतं.

आता आमच्याकडचं सांगते. तुमची नात काही कमावत नाही, कुणाला मदत करत नाही, रात्री कुणाला झोपू देत नाही. तरी तिचा उपयोग काय, असं अजून कुणी विचारलेलं नाही. बाबा, ती मांडीवर असते तेव्हा तुम्हीसुद्धा विचारत नाही. 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे' हे वचन तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलं होतंत. शब्द मला तेव्हापासून येतात. पण काहीही न करता, नुसतं असण्यावरून कुणावर इतकं प्रेम करता येतं, हे रात्री तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना हळूहळू कळायला लागलंय.

तुमच्या जावयांना मी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची गोष्ट सांगितली. 1522 मध्ये विवाहाविषयी लिहिताना त्यांनी म्हटलंय की बाप बाळाची लंगोटं धुतो तेव्हा लोक त्याला हसोत, देव मात्र आपल्या सगळ्या दूतांसह प्रसन्न होऊन हसतो, कारण ते काम तो ख्रिस्ती विश्वासानं करतो. जावई म्हणाले, "हे लिहिणाऱ्यानं स्वतः किती धुतली होती?" प्रश्न रास्त आहे. ल्यूथरचं लग्न झालं 1525 मध्ये, म्हणजे लिहिलं तेव्हा ते सडेफटिंग होते. पुढे सहा मुलं झाली, तेव्हा देवानं हिशेब चुकता केला असणार. पण म्हणणं खरंच आहे. ज्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही त्या कामातही देवाची सेवा आहे, हे तुम्ही दोघांनी आमच्यासाठी वर्षानुवर्षं करून दाखवलंत.

बाबा, आता खरा मुद्दा. दुसऱ्याची सेवा करण्यात देव भेटतो हे तुम्हाला मान्य आहे, पण स्वतःची सेवा करून घेण्यातही तो भेटतो हे तुम्ही ऐकायलाच तयार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र आहे ना, त्याचंही असंच होतं. येशू पाय धुवायला वाकला तर हा म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला केवढी नम्रता वाटते! येशूनं ती नम्रता मानली नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं स्पष्ट सांगितलं. (त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी, तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील, असंही येशू पेत्राला म्हणतो. पण ते त्याच्या मरणाविषयी होतं असं योहानानंच लिहून ठेवलंय, म्हणून ते मी तुमच्यावर ओढूनताणून लावत नाही.)

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली बाप आणि दोन मुलांची गोष्ट आहे. तिच्यात आपण सगळे घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या धाकट्या मुलाकडे बघतो. मला हल्ली थोरला जास्त दिसतो. तो घर सोडून कुठे गेला नाही, बापाची आज्ञा कधी मोडली नाही. पण तोंड उघडलं की चाकरीचा हिशेब: इतकी वर्षं राबलो, मला साधं करडू दिलं नाहीत. राहिला मुलगा म्हणून आणि स्वतःला समजत आला गडी. बाप त्याला केलेल्या कामाची पावती देत नाही. 'बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस,' एवढंच आधी म्हणतो. तुमच्या "काय उपयोग"मध्ये मला थोरल्याचा सूर ऐकू आला, बाबा. राग मानू नका. आयुष्यभर मंडळीत राबलेल्या माणसाला हा धोका आमच्यासारख्या कामचुकारांपेक्षा जास्त असतो.

आणखी एक. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, 'तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.' तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता असं लूक सांगतो. तोवर लूकनं त्याचा एक चमत्कार सांगितलेला नाही की एक उपदेश. बारा वर्षांचा असताना मंदिरात हरवला होता, मग आईबापांबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, बस. बाकी सगळी वर्षं घरातच गेली. त्या वर्षांचा शेरा म्हणून ती वाणी वाचून बघा.

कुणी तुम्हाला म्हणेल, "बाबा, तुम्ही प्रार्थना तर करू शकता, तोही उपयोगच." मी तसं म्हणणार नाही. मग प्रार्थनाही हजेरीपट भरण्यासारखी होईल. तुम्ही प्रार्थना करताच, पण ती केली नाहीत तरी तुम्ही आमचे बाबाच.

आई, तुझी दादाबद्दलची काळजी मला कळते. तो मंडळीत येत नाही, प्रार्थनेला बसत नाही. पण तुमच्या औषधांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून ठेवतो, बाबांना तपासणीला नेतो, कधी चिडत नाही. म्हणून त्याचा विश्वास आहेच असं मी म्हणत नाही, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फक्त प्रभूच्या स्वतःच्या घराकडे बघ. याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी त्याच्या भावांची नावं मार्कनं दिली आहेत आणि त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, हे योहानानं न लपवता लिहिलंय. मरीयेसारखी आई आणि तिच्या घरात ही तऱ्हा! पुढे पुनरुत्थानानंतर प्रभू याकोबाला दिसला, आणि हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. दादाचं तसंच होईल हे मला ठाऊक नाही. पण ताट वाढताना तू त्याला "या रविवारी तरी येशील का" विचारतेस ना, ते जरा थांबव. त्याला नुसतं जेवू दे.

तर बाबा, दादानं अंघोळीच्या मदतीसाठी जो माणूस बघून ठेवलाय त्याला येऊ द्या. महिनाभर बघा, नाही पटलं तर आपण बोलू. तुम्हाला लाज वाटते हे मला कळतं, पण न्हाणीघरातली फरशी ओली असते आणि आईला तुम्हाला एकटीनं सावरता येत नाही, हेही तितकंच खरं. आम्ही पुढच्या शनिवारी येतो आहोत. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र मिळालंय, ते घेऊन येते. शास्त्रपाठ तुम्हीच घ्या. बोध मात्र एकच काढायचा, नाहीतर दादाऐवजी तुमचे जावई मला कोपर मारतील.

तुमची लाडकी लेक